खाऱ्या पाण्याची मोरी

माझ्या तामूमावशीच्या नाकावर कारखान्याचा दिवस ठरायचा. मोरोक्कोतल्या आमच्या साफीच्या बंदरात तारल्यांच्या होड्या लागल्या की आमच्या कारखान्याचा भोंगा व्हायचा, बायका अ‍ॅप्रनच्या गाठी मारत गल्लीतून पळत सुटायच्या, आणि त्यांच्या आधी मावशी फाटकात जाऊन उभी असायची. पहिली पेटी तिच्या पुढ्यात यायची. ती एक तारली उचलायची, कल्ला उघडायची, नाकाशी धरायची. मान हलली की माल टेबलांवर. तोंड फिरवलं की सगळा माल खताच्या भुकटीला. त्यावर मालकाचंही चालत नसे.

होड्यांवरचे तांडेल तिला टरकून होते. एकाने तर कायमची कटकट मिटावी म्हणून तिला लग्नाची मागणी घातली. मावशीने निरोप धाडला की माणूस ताजा आहे, पण होडी शिळी आहे. पुढे तिने लग्न केलंच नाही. माझी आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. माझा ताप ती कपाळाला हात लावून नाही, मान हुंगून ओळखायची.

कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली, तेव्हाची ही हकिगत. डबाबंद मासळीचे ओळीने सात कारखाने होते, साती ओस पडले. नगरपालिकेने ठरवलं की तिथे आता माणसांनी राहायचं. एका कंपनीने जागा घेतली, भिंती पाडल्या, आमच्या कारखान्याचं धुरांडं तेवढं शोभेसाठी ठेवलं, आणि फाटकावर ‘अटलांटिकचा मोती’ असा फलक लावला. कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून आमची गल्ली, कामगारांची अठरा घरं. तीही पाडणार होते. बदल्यात आम्हाला तिथेच फ्लॅट मिळणार, असं पत्र आलं होतं.

गल्लीने फार रडारड केली नाही. घरांना ओल होती, छपरं गळत होती, आणि मावशीचे गुडघे गेले होते. तिला लिफ्ट हवी होती. बाकीच्या बायका नव्या फ्लॅटच्या गोष्टी बोलत, तेव्हा ही फक्त लिफ्टची चौकशी करायची: किती माणसं मावतात, मध्येच बंद पडली तर हाक कोणाला मारायची. पत्रातलं एकच तिला खटकलं होतं. आमच्या अठरा घरांना सगळ्यांत मागची इमारत दिली होती. तिच्या खिडक्यांसमोर ट्रकच्या आगाराची भिंत. दिवसासुद्धा दिवा लावावा लागेल असा काळोख.

मी त्याच कंपनीच्या विक्री-कार्यालयात नोकरीला होते. मला फ्रेंच येतं, आणि ‘समुद्रदर्शन’ हा शब्द मी न हसता उच्चारू शकते, म्हणून मला घेतलं. मी मागच्या गल्लीतली हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. मी पुढच्या रस्त्याने वळसा घालून कामावर जायची.

पहिल्या इमारतीच्या तळमजल्यावर सॅम्पल फ्लॅट सजवला. पांढरा सोफा, काचेचं टेबल, न्हाणीघरात इटलीच्या फरश्या. मे महिन्यात तो लोकांना खुला केला आणि तिसऱ्या दिवशी पूर्वेकडून शरगी सुटली. शरगी म्हणजे आमचा वाळवंटाकडचा गरम वारा. तो सुटला की माणसं भांडतात आणि दूध फाटतं. त्या दिवशी माराकेशचे एक दंतवैद्य बायकोला घेऊन फ्लॅट बघायला आले होते. मी त्यांना स्वयंपाकघर दाखवलं. न्हाणीघराशी आलो, आणि बाईंनी पर्समधून रुमाल काढून नाकाला लावला. वैद्यबुवा माझ्याकडे बघून म्हणाले, ‘समुद्र अगदी जवळ आहे म्हणायचा.’ आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तोच वास. तिसऱ्या दिवशी जास्त.

आमचे साहेब सी अदनान; ‘सी’ म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत. कासाब्लांकाहून आलेले, बूट असे चकचकीत की वाकून केस विंचरावेत. त्यांनी आधी बंदराला दोष दिला, मग वॉचमन मिलूदच्या डब्याला. बिचारा मिलूद आठवडाभर उकडलेली अंडी खात होता. वास तसाच, वर मिलूदचं पोट बिघडलं. मग लॅव्हेंडरच्या बाटल्या आल्या. मग संत्र्याच्या फुलांचं पाणी शिंपडलं. आता त्या फ्लॅटमध्ये शिरलं की एखाद्या तारलीच्या लग्नाला आल्यासारखं वाटायचं. इंजिनिअर म्हणाला, खाली जुनं काहीतरी आहे. पण जुने नकाशे कुठे होते? मालक फ्रान्सला गेला, आणि कचेरीतले कागद कधीच बंबात जळाले होते. इंजिनिअरने दोन जागी खणून पाहिलं. गंजलेल्या डब्यांची झाकणं निघाली.

मी घरी हे सांगितलं. मावशी मटार सोलत होती. तिने विचारलं, ‘वास कसला?’

‘मासळीचा.’

तिने मटार खाली ठेवले. ‘मासळीचा म्हणजे कसला गं? कच्च्या मासळीचा? उकडलेल्या? तेलाचा? आतड्यांचा? तुला मी या गल्लीत वाढवली, आणि तू त्या कासाब्लांकावाल्यासारखी नुसती मासळी म्हणतेस?’

मला सांगता येईना. तिने जेलाबा अंगात चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाली चल. मी म्हटलं, मावशी, तिथे तू माझी कोण म्हणून सांगू? ती म्हणाली, ‘नाक म्हणून सांग.’

सी अदनान तिला बघून गडबडले, पण त्यांचीही अक्कल संपली होती. त्यांनी तिला आत घेतलं. दारात तिने चपला काढल्या. सोफ्यावर बसून पाहिलं, जरा उसळून पाहिलं. मग साहेबांना लॅव्हेंडरच्या बाटल्या बाहेर न्यायला लावल्या, खिडक्या उघडून पुन्हा बंद करायला लावल्या. ते काही बोलू लागले तर तिने नुसतं बोट वर केलं आणि ते गप्प. असं तीन दिवस चाललं. सकाळी एकदा, उन्हं तापल्यावर एकदा. मला वाटतं, पहिल्याच दिवशी तिला कळलं होतं. उरलेले दोन दिवस ती सोफ्यासाठी आली.

तिसऱ्या दिवशी ती न्हाणीघरातून बाहेर आली आणि म्हणाली, ‘ही मासळी नव्हे, बाळा. हे मिठाचं पाणी आहे. मासळी मुरवलेलं. कारखान्याच्या हॉलमधून त्याची मोरी जायची, विटांची, माणूस आडवा झोपेल एवढी रुंद. तुमच्या प्लंबरने नवा नळ टाकताना ती कुठेतरी फोडलीये. वारा तापला की ती श्वास सोडते.’

सी अदनाननी विचारलं, कुठे फोडलीये?

मावशी म्हणाली, मी आयुष्यभर फाटकात उभी होते, आत हॉलमध्ये मोरी नेमकी कुठून जायची ते मला ठाऊक नाही. ते एकाच बाईला ठाऊक. एवढं बोलून तिने चपला पायात सरकवल्या, आणि नाव टाळलं त्यावरून मला कळलं की बाई कोण.

हद्दा. आमच्या समोरच्या दारात राहणारी. तारल्यांची डोकी छाटणाऱ्या बायकांत ती शेवटच्या टेबलावर असायची. सगळं पाणी तिच्या पायाशी यायचं, आणि मोरी तुंबली की बांबू घालून ती मोकळी करायची. हद्दा आणि मावशी एकोणीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकदा हद्दाच्या भावाच्या होडीने माल आणला, आणि मावशीने तोंड फिरवलं. पुरा माल भुकटीला गेला. तो भाऊ आधीच अडचणीत होता. त्याने होडी विकली आणि समुद्रापलीकडे लास पाल्मासला निघून गेला. हद्दाचं म्हणणं, मासळी चांगली होती.

तेव्हापासून आठ वर्षं एका छपराखाली काम केलं आणि अकरा वर्षं समोरासमोरच्या दारांत राहिल्या, पण शब्द नाही. अगदीच गरज पडली तर मी मध्ये. ‘रहमा, समोर सांग, तिची चादर उडून गटारात पडलीये.’ समोरची दोन हातांच्या अंतरावर उभी असायची, सगळं ऐकायची, आणि मी सांगितल्यावरच चादर उचलायला जायची.

या वेळीही मीच गेले. हद्दाने मला चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, साहेबाला यायची गरज नाही, तुलाही नाही. जिला माहिती हवी तिने यावं. आणि यायचं तर आधी म्हणावं की त्या दिवशीची मासळी चांगली होती.

हे मी घरी सांगितलं तेव्हा मावशीने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं केलं नाही. तिची पंचाईत मला कळत होती. हद्दाकडे गेली नाही, तर मोरी सापडत नाही. गेली आणि मासळी चांगली होती म्हणाली, तर बत्तीस वर्षांच्या नाकावर स्वतःच बोळा फिरवल्यासारखं. शुक्रवारी दुपारी कुसकुस जेवून झाल्यावर तिने कपाटातून निळ्या कागदातला साखरेचा सुळका काढला, आमच्याकडे समेटाला जाताना नेतात तो, काखेत मारला आणि गल्ली ओलांडली. चार पावलांची गल्ली. मी मागोमाग.

हद्दाने दार उघडलं. मावशीने सुळका पुढे केला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, ‘मासळी वाईटच होती, हद्दा. ते मी बदलणार नाही. पण तोंड फिरवण्याआधी तुला आतून बोलावून घ्यायला हवं होतं. ते चुकलं.’

हद्दाने सुळका घेतला, हातात तोलला. मग म्हणाली, ‘वाईट होती ते मला ठाऊक आहे. मीपण हुंगली होती.’

मावशीने विचारलं, ‘मग एकोणीस वर्षं?’

‘तू सगळ्या बंदरासमोर तोंड फिरवलंस, तामू. मासळीकडून फिरवलंस का माझ्याकडून, तेच मला कळेना. विचारायचं तर आधी बोलावं लागलं असतं.’

मावशी म्हणाली, ‘एवढ्या वर्षांत तुला वास कुठून येतोय तेपण कळलं नाही?’ आणि दोघी हसायला लागल्या. मावशी दाराची चौकट धरून हसत होती. हसताना हद्दाचे डोळे भरले, तेव्हा मी गल्लीत मांजराकडे बघत उभी राहिले. मग दोघी आत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत. एकोणीस वर्षांची शिल्लक होती. मला दोनदा पुदिना आणायला पाठवलं.

तरी मोरी कुठे, हे काही हद्दाला बसल्या जागी सांगता येईना. ती म्हणाली, तिथे आता सपाट मैदान आहे, मला टेबलं दिसल्याशिवाय पाय कुठे होते ते कसं आठवेल? मावशी म्हणाली, मग टेबलं मांडू.

पुढच्या मंगळवारी तेवीस बायका साइटवर हजर झाल्या. आमच्या गल्लीतल्या, कुंभारटेकडीवरच्या, एक तर मुलीकडून बसने आलेली. कोणाच्या हातात काठी, कोणाला दम लागलेला, महजूबाने तर आपला जुना अ‍ॅप्रन घालून घेतला होता. मिलूदने सगळ्यांना डोक्यावर पिवळ्या टोप्या दिल्या, नियम म्हणून. जिने तिने ती रुमालावर बसवली.

धुरांड्यापासून मोजायला सुरुवात केली. धुरांड्यापासून बॉयलर सात पावलं. बॉयलरपासून भट्टी. भट्टीला पाठ करून पहिलं टेबल. मावशी मुकादमिणीसारखी मधोमध उभी राहून हाका मारत होती आणि बायका आपापल्या जागी जाऊन उभ्या राहत होत्या. भांडणं झालीच. महजूबा म्हणे मी खिडकीपाशी असायचे. बाकीच्या म्हणाल्या, त्या हॉलला खिडकी होती कधी? ती म्हणाली, मग मी तीस वर्षं बाहेर बघत होते ती कुठून? शेवटी तिला जरा मोकळ्या बाजूला उभी केली.

ओळ लागत गेली तशा मध्ये काही जागा रिकाम्या राहिल्या. त्या बायका आता नव्हत्या. मावशीने तिथे कोणाला सरकू दिलं नाही. नाव घेऊन तेवढी जागा सोडायची आणि पुढचीला हाक मारायची.

मग मी पाहिलं की बायकांचे हात हलू लागलेत. कोणी सांगितलं नव्हतं. डाव्या हाताने उचलायची, उजव्याने छाटायची, सरकवायची. सपाट मैदानात, पिवळ्या टोप्या घालून, तेवीस बायका हवेतल्या तारल्या साफ करत होत्या. सी अदनान माझ्याशेजारी उभे होते. त्यांचे बूट धुळीने पांढरे झाले होते आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

अडचण अशी झाली की टेबलांच्या ओळी वाढत वाढत पहिल्या इमारतीशी पोचल्या आणि अजून शेवटचं टेबल उरलं होतं. मावशी म्हणाली, भिंत तुम्ही बांधलीत, टेबल आमचं आधीचं आहे. तेव्हा शेवटचं टेबल सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरलं. एक बाई दिवाणखान्यात, सोफ्यामागे. एक बोळात. आणि हद्दा न्हाणीघरात, शॉवरखाली.

नेमकं त्याच वेळी रबातहून एक जोडपं फ्लॅट बघायला आलं. त्यांना आधी वेळ दिलेली, आणि मी साफ विसरले होते. दिवाणखान्यात एक म्हातारी पिवळी टोपी घालून मुकाट्याने हवेत काहीतरी कापत उभी होती. गृहस्थांनी मला हळूच विचारलं, या कोण?

मी म्हटलं, ‘शेजारी.’ आणि मग काय झालं कोण जाणे, पुढे म्हटलं, ‘आम्ही मागच्या गल्लीतल्या.’

आतून हद्दाचा आवाज आला. ‘इथे. इथे माझे बूट भरायचे.’

इटलीच्या फरश्या फोडल्या. हातभर काँक्रीट, मग माती, आणि कमरेइतकं खाली गेल्यावर विटांची कमान लागली. नव्या नळाने तिच्यात भोक पाडलं होतं. कामगाराने पहार घातली आणि जो वास वर आला त्याने इंजिनिअर बाथटबच्या काठावर खाली बसला. बायका मात्र दाटीवाटीने आत डोकावत होत्या. एकजण म्हणाली, गेल्या अकरा वर्षांत पोरांच्या लग्नांनासुद्धा आपण सगळ्या अशा जमलो नव्हतो.

मोरी उपसून, धुऊन, भरून टाकायला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी शरगी होती आणि फ्लॅटमध्ये नुसता रंगाचा वास.

सी अदनान खूश झाले. त्यांनी बायकांना खजुराच्या पेट्या देऊ केल्या, आणि माहितीपुस्तकात सगळ्यांचा फोटो छापू म्हणाले. मावशीने खजूर घेतला. मग म्हणाली, फोटो नको, ती मागची इमारत बदलून द्या. आम्हा अठरा घरांना पुढे कुठेतरी एकत्र ठेवा. साहेबांनी हात जोडले. पुढच्या इमारती विक्रीच्या, ते माझ्या हातात नाही, वगैरे. मावशीने समजुतीने मान हलवली. जाता जाता ती एवढंच म्हणाली की आणखी एक मोरी होती, भट्टीकडून निघणारी, तुमच्या दुसऱ्या की तिसऱ्या इमारतीखालून जात असावी. पण नेमकी कुठून, ते हद्दाला काही केल्या आठवत नाही.

साहेबांनी हद्दाकडे पाहिलं. हद्दा म्हणाली, ‘वय झालं, बाळा. अशा गोष्टी आठवायला उजेड लागतो. मागच्या इमारतीत उजेड कुठला?’

सी अदनान त्याच संध्याकाळी कासाब्लांकाला गेले. तिथे त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण ते चार दिवसांनी परतले तेव्हा त्यांच्या बॅगेत नवा नकाशा होता. समुद्राकडची इमारत नाही मिळाली. मधली मिळाली, बागेच्या कडेची. दुसरा, तिसरा आणि चौथा मजला, अठरा घरं सलग. मी साहेबांना एकदा विचारलं, ती दुसरी मोरी खरंच होती असं तुम्हाला वाटतं? ते म्हणाले, ‘रहमा, मी न विचारण्याचा पगार घेतो.’

मोरी होती. करारावर सह्या झाल्या त्या दिवशी हद्दाने जाऊन जागा दाखवली. कोरडी ठणठणीत, कुणाला काही त्रास नव्हता.

इमारत उभी राहायला दोन वर्षं लागली. तेवढ्या काळात एकजण मुलाकडे अगादिरला गेली, आणि महजूबा चावी हातात यायच्या आधीच देवाघरी गेली. तिचा फ्लॅट तिच्या सुनेला मिळाला. खिडक्या भरपूर आहेत. मावशीने पहिल्या दिवशी लिफ्टने चार खेपा केल्या, सामान नसताना. हद्दा लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. ती म्हणते, दार बंद झाल्यावर खोली हलते हे मला पटत नाही. ती जिन्याने चढते, मावशी लिफ्टने, आणि वर पोचल्यावर आधी कोण पोचलं यावर वाद.

दारं मात्र जड निघाली. लावली की शेजारचा खोकलाही ऐकू येत नाही. आठवडाभर बायकांनी ते सोसलं, आणि मग एकेक खुर्ची तिसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी येऊ लागली. दुपारच्या चहाला आठ, मग बारा. वरच्या मजल्यांवरच्या नव्या लोकांनी तक्रार केली. रहिवासी समितीने पत्र काढलं: सामाईक जागेत खुर्च्या ठेवण्यास मनाई आहे. ते पत्र कंपनीच्या कार्यालयात मीच टाइप केलं, मीच शिक्का मारला, आणि संध्याकाळी घरी आल्यावर मावशीला मीच वाचून दाखवलं, कारण तिला वाचता येत नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. हद्दालाही बोलावून पुन्हा एकदा वाचायला लावलं. दोघींनी थोडा विचार केला.

‘उत्तर लिही,’ मावशी म्हणाली. ‘समितीला सलाम. पत्र पोचलं. खुर्च्या आजच काढल्या आहेत.’

‘आणि?’ मी विचारलं.

‘आणि खाली लिही की चटई अंथरली आहे. त्यांनीपण यावं. येताना ग्लास घेऊन यावा, आमच्याकडे कमी पडतात.’